सरासरी पाणी

प्रिय तोफ,

तुला या नावानं हाक मारणारी आता मी एकटीच उरले असेन. बाकी सगळे तुला सचिव मॅडम म्हणतात, आणि तुझ्या केबिनबाहेरचा शिपाई तर तुझा नुसता विषय निघाला तरी स्टुलावरून उठतो. मला उठायची सवय नाही, हे तू जाणतेस. परवा तू घरी आलीस, तासभर बसलीस, माझं डोकं ठिकाणावर आणायचा मनापासून प्रयत्न केलास, आणि जिना उतरताना म्हणालीस, की कातरी, शांतपणे विचार कर आणि मला सांग. विचार केला. शांतपणे केला की नाही ते विचारू नकोस. तू समोर असलीस की मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. सांडपाण्याच्या नियमात 'सरासरी' हा शब्द परत आणायचा, आणि त्यानं लोकांच्या आरोग्याला काही बाधा येत नाही असं विभागाची विधी सल्लागार म्हणून मी लिहून द्यायचं, अशी ती टिपणी. तिच्यावर मी सही करणार नाही. सहीच्या बदल्यात देऊ केलेलं प्रशिक्षण संस्थेचं संचालकपद मला नको, त्याच्यासोबत येणारा बागेतला बंगला नको, आणि निरोप समारंभ तर नकोच नको. आज सकाळी मी राजीनामा दिला. तुझ्या उपसचिवांनी तो दोनदा वाचला, कारण त्यात कारण म्हणून 'प्रकृती' लिहिलेलं नव्हतं. त्यांनी हळूच सुचवलं, की बाई, प्रकृती लिहिलंत तर सगळ्यांनाच सोपं जाईल. मी म्हटलं, माझी प्रकृती ठणठणीत आहे, बिघडलाय तो मसुदा. बिचाऱ्यांनी पोच दिली. त्यांचा यात काही दोष नाही, उगाच त्यांच्यावर तोफ डागू नकोस.

घरी सांगितलं तेव्हा आमच्या ह्यांनी नेहमीप्रमाणे चष्मा काढून पुसला. जन्मभर दुकानात लोकांचे चष्मे पुसले, त्यामुळे विचार करायचा म्हटलं की हात तिकडेच जातो. मग म्हणाले, दिलास ते बरं केलंस, फक्त आता घरात रोज सुनावणी घेऊ नकोस. लेक मात्र भडकली, आणि माझ्यावर नाही, तुझ्यावर. जन्मली तेव्हा तिला माझ्याआधी तू मांडीवर घेतलंस, वकिलीचं वेड तिच्या डोक्यात तू घातलंस, आईनं सांगितलेलं एका कानानं ऐकून मावशीचं दोन्ही कानांनी ऐकणारी ती पोर. तिचा एकच धोशा, मावशीला हे सुचलंच कसं. मी तुझी बाजू मांडली. अगदी नीट मांडली, तू मांडलीस त्याहून बरी. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग तू राजीनामा का दिलास. तिथं माझी वकिली संपली.

ती भाड्याची खोली आठवते तुला? आपण दोघी नुकत्याच पर्यावरण विभागात वकील म्हणून लागलो होतो, दोघींत मिळून कोर्टाचा एकच धड काळा कोट होता, आणि ज्या दिवशी जिची तारीख असेल तिनं तो घालायचा. तुझ्या खांद्यांना तो बसायचा, मला बाह्या दुमडायला लागायच्या. तू बोलायला उभी राहिलीस की समोरचा वकील आपले कागद गोळा करायला लागायचा, म्हणून तू तोफ. मी तू लिहिलेल्या अर्जातली निम्मी विशेषणं कापायची, म्हणून मी कातरी. ही नावं कुणी ठेवली ते आता दोघींनाही आठवत नाही, पण आपल्या आवाजात ती बरोबर बसली. घरच्यांना आपण नक्की काय करतो ते कधीच कळलं नाही. माझी आई सांगायची, मुलगी पाणीखात्यात आहे, आणि शेजारणी नळाला पाणी कमी येतं म्हणून माझ्याकडे तक्रारी घेऊन यायच्या. तुझी वहिनी अजून विचारते ना, की झाडं लावणं चाललंय का? आपल्या त्या ऑफिसातल्या बेसिनला पिवळं पाणी यायचं आणि वर भिंतीवर प्रदूषणमुक्तीची पाटी होती. त्या पाटीखाली उभं राहून आपण किती हसलोय.

आणि मग तो खटला. तू तो विसरली नाहीस, कारण त्याच्यावर तू इतकी वर्षं भाषणं केलीस. पण भाषणात तो गुळगुळीत झालाय, म्हणून इथं मी तो जसा होता तसा लिहिते. नदीकाठचा रंगाचा कारखाना, खालच्या अंगाला वस्ती, वस्तीत शाळा, शाळेच्या आवारात नदीच्या पाझरावर भरणारी विहीर. वार्षिक दुरुस्तीसाठी कारखान्यानं टाक्या धुतल्या आणि तळाचा सगळा गाळ एका मंगळवारी नदीत सोडून दिला. शाळेतली निम्मी मुलं ओकायला लागली. बहुतेक बरी झाली. वर्गात खडू वाटायचं काम जिच्याकडे होतं ती मुलगी बरी झाली नाही. तिची मूत्रपिंडं गेली आणि मागोमाग ती गेली. आपल्याकडे पाण्याचे नमुने होते, दवाखान्याचे दाखले होते, कारखान्याच्या गेटवरच्या माणसाची साक्ष होती. तरी आपण हरलो. कारण नियमात लिहिलं होतं, की सांडपाण्यातल्या विषाची महिन्याची सरासरी मर्यादेच्या आत असावी. मंगळवार सोडून बाकीचा महिना कारखान्यानं जवळजवळ स्वच्छ पाणी सोडलं होतं. भागाकार केला, सरासरी मर्यादेच्या आत आली. न्यायाधीशांनी आकडेमोड स्वतः तपासली आणि निकाल वाचला. त्यांना तरी कुठल्या तोंडानं नावं ठेवायची, नियमच तसा होता.

कोर्टाच्या पायऱ्यांवर शाळेच्या मुख्याध्यापिका उभ्या होत्या. आपल्याला वाटलं, आता शिव्या बसणार. त्यांनी आवाजही चढवला नाही. म्हणाल्या, मी चौथीच्या मुलांना सरासरी शिकवते, धावांची उदाहरणं घालते, मार्कांची घालते. मला एवढंच सांगा, त्या मंगळवारी माझी मुलं सरासरी पाणी प्यायली का? मी तुझ्याकडे पाहिलं. कुठल्याही प्रश्नाला तयार उत्तर असलेली तू आपल्या चपलांकडे बघत होतीस. त्या दिवशी खोलीवर आल्यावर आपण जेवलो नाही. तू भिंतीला टेकून बसलीस आणि म्हणालीस, की हा शब्द मी या कायद्यातून उपटून काढीन, म्हातारी झाले तरी चालेल.

आणि आपण तो काढला. लोकांना वाटतं नियम म्हणजे वरून कुणीतरी हुकूम सोडला आणि झाला. त्या एका शब्दासाठी आपण कितीदा उंबरे झिजवले ते आपल्यालाच माहीत. बैठकीला गेलं की बायका बघून कुणीतरी चहाचं सांगायचं, मग तू टेबलावर फाइल अशी आपटायचीस की सगळ्यांचे कप हलायचे. कारखानदारांचे वकील चकचकीत बुटांत यायचे आणि आपल्याशी लहान मुलांशी बोलावं तसं बोलायचे. इंजिनियर म्हणायचे, रोजचं मोजमाप शक्यच नाही. आपण तिघा इंजिनियरांना घेऊन वर्षभर रोज मोजून दाखवलं. तू भांडायचीस आणि मी लिहायची. तू दार उघडायचीस आणि ते बंद व्हायच्या आत मी मसुदा आत सरकवायची. शेवटी नियमात 'महिन्याची सरासरी' जाऊन 'कोणत्याही वेळी' आलं. राजपत्राची प्रत हातात आल्यावर तू रस्त्यात उभी राहून रडलीस, आणि एक रिक्षावाला थांबून विचारायला लागला, की ताई, काय झालं, कुणाचं काही वाईट झालं का. त्या दिवसाइतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे ह्यांनाही ठाऊक आहे.

आता परवा तू जे सांगितलंस ते. मी ते तुझ्या बाजूनं लिहिते, म्हणजे कातरीनं सोयीचं तेवढंच कापलं असं म्हणायला जागा नको. तू म्हणालीस, मंत्री सगळा कायदाच दुरुस्तीला काढायला निघालेत. जनसुनावणी जाईल, कारखाना बंद करायचे अधिकार जातील, सगळंच जाईल. त्यापेक्षा एक शब्द द्यावा आणि बाकीचं वाचवावं. तू म्हणालीस, आता यंत्रं दर काही मिनिटांनी मोजतात, वीज गेली आणि एकदा काटा उडाला म्हणून शेकडो कामगारांच्या पोटावर पाय द्यायचा का? हे खोटं नाही. मी ते मान्य केलं, तुझ्या तोंडावर केलं. म्हणून तर महिन्यापूर्वी मी दुसरा मसुदा करून तुला दिला होता. बारीकसारीक चढउतारांसाठी ठेवा सरासरी, यंत्र बिघडलं तर द्या सवलत, पण वर एक छप्पर घाला. अशी एक हद्द, की ती एका मिनिटासाठीही ओलांडायची नाही. तू तो वाचलास आणि तुझ्या तोंडून निघालं, की हे चालायला हवं. मी तुला ओळखते, तू मनापासून म्हणालीस. मग तो मसुदा मंत्र्यांकडे गेला, परत आला, आणि त्यातलं छप्पर तेवढं गायब झालं होतं.

मला तुझ्याकडून एवढंच समजून घ्यायचंय, की छप्पर का काढलं. ज्याला कधी डोकं वर काढायचंच नाही त्याला छपराची अडचण का व्हावी? चढउतारांचा प्रश्न मी सोडवून दिला, यंत्रांचा सोडवून दिला, कामगारांचा सोडवून दिला. उरला तो फक्त मंगळवार. कुणाला तरी टाक्या धुवायच्या आहेत, दुसरं काय? आणि त्या टाक्या आता तेव्हाच्या टाक्या नाहीत. तेव्हा खाली एक वस्ती होती, आता अख्खं शहर तेच पाणी पितं. शहराची गाळणी गाळ अडवते, धातू अडवत नाही, हे तुझ्याच विभागाच्या अहवालात आहे. तो अहवाल तू मला वाढदिवसाची भेट देतेस तसा बांधून पाठवला होतास, वर चिठ्ठी होती, की हा जपून ठेव.

राग मला मंत्र्यांचा नाही. ते आज आहेत, उद्या दुसरीकडे असतील. राग त्या पुस्तकाचा आहे. नियमाला पंचवीस वर्षं होताहेत म्हणून विभाग जे गुळगुळीत कागदावरचं पुस्तक काढतोय, त्याची छापील पानं माझ्याकडे तपासायला आली. पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरांत, त्या मुख्याध्यापिका बाईंचं वाक्य: माझी मुलं सरासरी पाणी प्यायली का? खाली तुझा फोटो. ज्या महिन्यात शब्द परत आणायचा त्याच महिन्यात हे पुस्तक वाटायचं. मी ती पानं घेतली आणि उठून सरळ बाईंकडे गेले. आता त्या भाच्याकडे राहतात, ऐकायला कमी येतं, पण डोकं अजून शिक्षिकेचंच. पुस्तक बघून खूश झाल्या, तुझा फोटो बघून म्हणाल्या, पोरगी जाड झाली, बरं झालं. मग मी त्यांना मसुदा सांगितला. त्यांनी पुन्हा विचारला, मी पुन्हा मोठ्यानं सांगितला. मांडीवरच्या पानावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, म्हणजे मंगळवार परत येणार म्हणायचा. मला तिथून उठता येईना. तू असतीस तर तुलाही आलं नसतं, आणि तू नव्हतीस याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

तुला वाटत असेल, ही आता खुर्ची सोडून घरी बसणार, माझ्या जागी दुसरा कुणी येऊन चार ओळी लिहून सही ठोकणार, आणि मसुदा जसाच्या तसा नियम होणार. परवा तू नेमकं हेच म्हणालीस, की खुर्चीत राहून काहीतरी वाचवता येतं, रस्त्यावरून काय वाचवणार. मला चिडचिडी म्हणालीस, हट्टी म्हणालीस, आणि जाता जाता इतकंही म्हणालीस, की तुझं आयुष्य एका शब्दावर गेलं, आता तरी दुसरं काहीतरी बघ. हट्टी मी आहेच. आयुष्य एका शब्दावर गेलं हेही खरं, आणि मला ते पुरलं. काही जणांचं एका शब्दावरसुद्धा जात नाही. पण मी घरी बसायला खुर्ची सोडलेली नाही, तोफ. सोडली, कारण सरकारी नोकराला सरकारच्या मसुद्यावर हरकत घेता येत नाही. नोटिशीच्या मुदतीचा पगार मी भरून टाकला, त्यामुळे आज दुपारपासून मी सरकारी नोकर नाही. मसुदा शुक्रवारी जाहीर झालाय, आणि हरकतींची मुदत अजून चालू आहे.

त्या हरकतींचा नियम कुणी लिहिला, सांग बघू. शाळेतल्या मुलांनी तेव्हा वहीच्या पानांवर तक्रारी लिहून पाठवल्या होत्या आणि विभागानं त्या विहित नमुन्यात नाहीत म्हणून परत केल्या, तेव्हा तू पेटलीस. नमुना-बिमुना काही नको, म्हणालीस. चिठ्ठी असो, चित्र असो, चार शिव्या असोत, मसुद्याबद्दल जे येईल ती हरकत. ते खिडकीवर घ्यायचं, लोकांना बघायला ठेवायचं, आणि प्रत्येकाला उत्तर द्यायचं. मी सुचवलं, उत्तर खालच्या अधिकाऱ्याच्या सहीनं चालेल. तू ऐकलं नाहीस. सचिवाची सही, दुसऱ्या कुणाची नाही, त्यांनाही जरा घाम फुटू दे. आणि उत्तराला कारण हवं, विज्ञानाचं किंवा लोकांच्या आरोग्याचं. वरून सांगितलं, हे कारण धरायचं नाही. ही ओळ तर तू माझ्या हातातून पेन हिसकावून स्वतः लिहिलीस. तेव्हा सचिव कुणीतरी दुसरा होता.

म्हणून हे पत्र मी तुझ्या घरी पाठवत नाहीये. उद्या सकाळी ते विभागाच्या आवक खिडकीवर देणार आणि पोच घेणार. तू हे वाचशील तेव्हा त्याच्यावर शिक्का असेल आणि एक प्रत बाहेर लोकांसाठी ठेवलेली असेल. आपली खोली, आपला कोट, माझी लेक, तुझं रस्त्यातलं रडणं, सगळं त्यात आहे. वाचू देत लोकांना. एकही वाक्य काढायला सांगू नकोस, काढता येत नाही, तेही आपणच लिहून ठेवलंय. आता छप्पर का काढलं याचं कारण तुला लिहावं लागेल, तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीनं, आणि मंत्र्यांचं नाव त्यात घालता येणार नाही. खरं कारण तर तुझ्याजवळ नाही. तेव्हा एक तर तुला छप्पर परत घालावं लागेल, नाही तर खोटं लिहावं लागेल. लोक म्हणतील, हिनं मैत्रिणीला कोंडीत पकडलं. पकडलंच आहे. पण ज्या बाईला कोर्टाच्या पायऱ्यांवर एक साधं खोटं आश्वासनसुद्धा देता आलं नाही, तिचा हात हे खोटं लिहायला चालणार नाही, एवढ्या एका भरवशावर मी नोकरी सोडली आहे. उत्तर लवकर दे.

तुझीच, आणि उद्यापासून तुझी हरकतदार,
कातरी